गाडीचा गिअर नॉब बदलताय? पैसे देण्याआधी आटे, वजन आणि रिव्हर्सची रिंग तपासा

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे रील बघत असाल, तर हा प्रकार तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेला असेल. जुना, झिजलेला, काळा प्लॅस्टिकचा गिअर नॉब फिरवून काढला जातो, त्या जागी चकचकीत ॲल्युमिनिअमचा गोळा बसतो, मागे गाणं वाजतं आणि १५ सेकंदांत गाडीचं इंटिरिअर ‘स्पोर्टी’ होतं.

काम तसं खरंच छोटं आहे. सीट कव्हर किंवा अलॉय व्हीलपेक्षा स्वस्त आणि घरच्या घरी करता येण्यासारखं. पण त्या १५ सेकंदांत दोन-तीन गोष्टी दिसत नाहीत. नॉबच्या आतले आटे कोणते होते, रिव्हर्स टाकायची रिंग कुठे गेली, आणि महिनाभरानंतर तो गोळा जागेवर घट्ट होता की हातात आला होता.

सीट कव्हर सैल झालं तर फार तर चुरगळतं. घाट उतरताना तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकायला जावं आणि नॉब हातात यावा, ही गोष्ट वेगळी आहे. म्हणूनच नॉब कसा निवडायचा आणि कसा बसवायचा, हे नीट समजून घेऊया.

गिअर नॉब म्हणजे नेमकं काय?

गिअरच्या दांड्याच्या टोकाला, तुमच्या तळहातात बसणारा भाग म्हणजे नॉब. दांड्याच्या खाली, कन्सोलपाशी जे लेदरसारखं आवरण असतं त्याला बूट किंवा गेटर म्हणतात. कंपनीने गाडीसोबत दिलेला नॉब म्हणजे ‘स्टॉक’ आणि बाहेरून विकत घेऊन बसवलेला ‘आफ्टरमार्केट’.

आता बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा दोन सीटच्या मध्ये असतो, पण हे नेहमीच असं नव्हतं. मुंबईकरांना आठवत असेल, प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बाजूला असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

नॉबला गाडीची ओळख बनवण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फोक्सवॅगनचं. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये गिअर नॉब चक्क गोल्फच्या चेंडूसारखा होता. ही कल्पना कंपनीच्या डिझायनर गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांची. त्या गाडीच्या सीटवरचं चौकड्यांचं कापडही त्यांनीच निवडलं होतं.

नॉब बदलल्याने गाडी चालवण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो. पण गाडी वेगवान होत नाही. बदलतं ते हाताला जाणवणारं. आणि ते दोन गोष्टींवर ठरतं, उंची आणि वजन.

आधी उंची. गिअरचा दांडा ही साधी तरफ आहे. समजा, दांडा जिथे टेकून हलतो तिथपासून नॉबच्या टोकापर्यंतचं अंतर २० सेंटिमीटर आहे. तुम्ही २ सेंटिमीटरने ठेंगणा नॉब लावला, तर अंतर १८ होतं. म्हणजे गिअर टाकताना हात सुमारे १० टक्के कमी सरकतो. पण फुकट काही मिळत नाही. त्याच कामासाठी जोर सुमारे ११ टक्के जास्त लावावा लागतो. उलट उंच नॉब लावला तर हात जास्त फिरतो आणि गिअर हलका लागतो. पुणे-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज शेकडो वेळा पहिला-दुसरा करणाऱ्याने याचा विचार करूनच उंची ठरवावी.

आता वजन. गिअर टाकताना आत गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नावाची रिंग दोन फिरत्या भागांचा वेग जुळवते आणि त्या क्षणी हाताला किंचित अडथळा जाणवतो. नॉब जड असेल, तर एकदा हलायला लागल्यावर तो स्वतःच्या गतीने त्या अडथळ्यातून पुढे सरकतो. त्यामुळे गिअर ‘लोण्यासारखा’ पडल्यासारखं वाटतं.

हे फक्त हौशी लोकांचं म्हणणं नाही. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये नॉबच्या आत मुद्दाम ९० ग्रॅमचं वजन घातलं होतं, गिअर टाकताना हाताला बरं वाटावं म्हणून.

पण ‘जड म्हणजे चांगला’ असं सरसकट समीकरण नाही. जुन्या, लिंकेज सैल झालेल्या गाडीत दांडा आधीच थरथरत असतो. त्यावर अर्धा किलोचा लोखंडी गोळा ठेवला की थरथर आणि खडखड दोन्ही वाढतात. घरात किचनचा वजनकाटा असेल, तर आधी आपला जुना नॉब त्यावर ठेवून बघा. मग नवीन किती जड घ्यायचा याचा अंदाज येईल.

आणि एक महत्त्वाचं. गिअर अडकतो, कर्रकर्र आवाज येतो, रिव्हर्स पडत नाही, अशा तक्रारी असतील तर नॉब बदलून काहीही सुधारणार नाही. तिथे क्लच, गिअर ऑइल किंवा लिंकेज बघावं लागतं. जड नॉबने दुखणं फक्त झाकलं जातं आणि बिल नंतर मोठं येतं.

कोणत्या मटेरिअलचा घ्यावा?

दुकानात दिसायला सगळेच छान असतात. खरी परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, उन्हात लावलेल्या गाडीत होते.

ॲल्युमिनिअम: वजनाला हलका, दिसायला देखणा आणि बाजारात सगळ्यात जास्त मिळणारा. पण उष्णता झटकन हाताला देतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असताना उन्हातल्या गाडीत याला उघड्या हाताने पकडणं अवघड. थंडीत सकाळी तोच गारठलेला असतो.

स्टेनलेस स्टील: जड नॉब हवा असेल तर हा. ॲल्युमिनिअमपेक्षा उष्णता हाताला सावकाश देतो, पण वजन जास्त असल्याने एकदा तापला की लवकर निवत नाही.

डेलरिन: हे एक टणक इंजिनिअरिंग प्लॅस्टिक आहे. उन्हात धातूसारखा चटका देत नाही. दिसायला साधं, पण आपल्या हवेत सगळ्यात व्यवहारी.

लाकूड: हाताला सुखद आणि फार तापत नाही. पॉलिश चांगलं नसेल तर कोकणातल्या दमट हवेत आणि घामाने पृष्ठभाग खराब होतो.

लेदर किंवा रेक्झिन: पकड उत्तम. अनेक स्टॉक नॉब याच प्रकारचे असतात. स्वस्त रेक्झिनची शिलाई आधी उसवते, मग वरचा थर सोलला जातो.

रेझिन किंवा ॲक्रिलिक: आत फूल, बुडबुडे किंवा एलईडी असलेले पारदर्शक गोळे. शोभेला ठीक. पण एलईडीसाठी वायर ओढावी लागत असेल तर ती दांड्यासोबत रोज वाकते आणि एक दिवस तुटते. त्या भानगडीत न पडलेलं बरं.

आकाराबद्दल इतकंच, की कवटी, खंजीर, टोकदार मुकुट असले प्रकार टाळा. केबिनमधल्या भागांना धारदार कडा नसाव्यात यासाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २१ आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक झाली, की माणसाचं शरीर गाडीतल्या कशावर तरी आदळतं. गिअर नॉब बरोबर त्या वाटेत असतो.

आपल्या गाडीला कोणता नॉब बसेल?

बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. नॉब दांड्यावर साधारण दोन प्रकारे बसतो.

पहिला प्रकार आट्यांचा. दांड्याच्या टोकाला बोल्टसारखे आटे असतात आणि नॉब त्यावर फिरवून बसतो. आट्यांचं माप दोन आकड्यांत सांगतात. ‘एम १० × १.५’ याचा अर्थ दांड्याचा व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर. होंडाच्या गाड्यांत सहसा हेच माप असतं. टोयोटामध्ये बहुतेक वेळा एम १२ × १.२५. मित्सुबिशी, निसान यांच्याकडे एम १० × १.२५ नेहमी दिसतं. पण कंपनीच्या नावावर विसंबू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो. जुना नॉब काढून मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

मोजायचं कसं? हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा १० मिलिमीटरचा नट एम १० × १.५ असतो. तो दांड्यावर बोटांनी सहज फिरत खालपर्यंत गेला, तर तुमचं माप तेच. एक-दोन फेऱ्यांत अडकला तर आटे बारीक आहेत, तिथेच थांबा. जोर लावलात तर दांड्याचे आटे कायमचे जातील. दुसरा उपाय पट्टीचा. दहा आट्यांची लांबी मोजा. १५ मिलिमीटर भरली तर १.५, साडेबारा भरली तर १.२५.

दुसरा प्रकार दाबून किंवा क्लॅम्पने बसवलेल्या नॉबचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत दांड्याला आटे नसतात. नॉब आणि बूट एकत्र जोडलेले असतात आणि खालून क्लॅम्पने आवळलेले असतात. अशा गाडीला आट्यांचा नॉब बसत नाही. त्या मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण सेट किंवा ॲडॅप्टर लागतो.

आणि मग ‘युनिव्हर्सल’ नॉब, जे ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात. यात आटे नसतात. प्लॅस्टिकची पुंगळी दांड्यावर चढवून बाजूने दोन-तीन छोटे ॲलन स्क्रू आवळायचे असतात. म्हणजे सगळी पकड त्या स्क्रूच्या टोकांवर. रोजच्या हिसक्यांनी ते सैल होतात, प्लॅस्टिक झिजतं आणि नॉब आधी गोल फिरायला लागतो, मग वर यायला. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं जिथे लिहिलंय, तिथे ‘कुठल्याच गाडीला नीट बसत नाही’ असं वाचलंत तरी फारसं बिघडणार नाही.

रिव्हर्सच्या रिंगचं काय?

हा प्रश्न नॉब घेण्याआधी विचारायचा असतो. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून प्रत्येक कंपनी काहीतरी अडसर ठेवते. तो तीन प्रकारचा दिसतो.

- नॉबखालची रिंग बोटांनी वर उचलून रिव्हर्स टाकायचा. ह्युंदाई आणि रेनोच्या अनेक मॉडेलमध्ये हे असतं.
- पूर्ण दांडा खाली दाबून मग रिव्हर्स टाकायचा. फोक्सवॅगन-स्कोडाची ही जुनी पद्धत.
- बाहेरून काहीच नाही, अडसर गिअरबॉक्सच्या आत. मारुतीच्या बऱ्याच ५ स्पीड गाड्यांत असं असतं.

तिसऱ्या प्रकारात नॉब बदलणं सगळ्यात सोपं. दुसऱ्यात दांडा खाली दाबायला जागा उरली पाहिजे, म्हणजे नवीन नॉब किंवा बूट कन्सोलला टेकता कामा नये. पहिल्या प्रकारात मात्र सांभाळून. रिंग ज्या नॉबमध्ये अडकलेली असते तो नॉबच काढला, तर रिंग वर येते किंवा खाली घसरते. नवीन नॉबला रिंगसाठी जागा नसेल तर दोनपैकी एक होतं. एकतर रिव्हर्स पडतच नाही, किंवा रिंग वर बांधून टाकली तर अडसरच राहत नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. अनेक गाड्यांत रिव्हर्स पहिल्या गिअरच्या शेजारी असतो. सिग्नल सुटल्यावर घाईत पहिला टाकायला गेलात आणि गाडी मागे गेली, तर मागे दुचाकीवाला उभा असतो.

तुमच्या गाडीत रिंग असेल तर रिंगसकट येणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला नॉबच घ्या. तो मिळत नसेल तर नॉब बदलू नका.

ऑटोमॅटिक गाडीचा नॉब हा वेगळाच विषय आहे. त्यात बटण असतं, आतून यंत्रणा जाते. आणि एएमटीमध्ये गिअर यंत्र स्वतः बदलतं, त्यामुळे जड नॉबचा काहीच उपयोग नाही.

बसवायचा कसा? पायरी पायरीने

लागणारं सामान: पाना, ॲलन की, चिकटपट्टी, जुनं फडकं, चेकनट आणि अर्धा तास.

१. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड किंवा विटेचा तुकडा. काम करताना गाडी न्यूट्रलमध्ये असणार, म्हणून दगड विसरू नका.

२. बूटची वरची कड किंवा कन्सोलमधली चौकट हळूच उचकटा. स्क्रू ड्रायव्हर वापरणार असाल तर त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर प्लॅस्टिकवर ओरखडे उठतील.

३. नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. घट्ट असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळून ठेवा. दाबून बसणारा नॉब असेल तर क्लॅम्प आधी सोडवा. क्लॅम्प न सोडवता नॉब वर ओढला, तर तो अचानक सुटून तोंडावर येतो. नाकावर बसलेला गिअर नॉब हा विनोद फक्त ऐकणाऱ्यासाठी असतो.

४. दांड्यावरचे आटे कोरड्या फडक्याने पुसा. जुना गोंद, गंज काढून टाका.

५. आधी चेकनट आट्यांवर खालपर्यंत फिरवा. मग नॉब बोटांनी फिरवत बसवा. पाना लावायचा नाही. पहिल्या दोन फेऱ्या वाकड्या गेल्या तर काढून पुन्हा सुरू करा.

६. फेऱ्या मोजा. साधा ठोकताळा असा, की आटे किमान दांड्याच्या व्यासाइतके आत गेले पाहिजेत. म्हणजे एम १० × १.५ ला सुमारे ७ फेऱ्या, एम १० × १.२५ ला ८ आणि एम १२ × १.२५ ला १० फेऱ्या. ॲल्युमिनिअमचा नॉब असेल तर अजून एक-दोन जास्त चांगल्या. तीन-चार फेऱ्यांवर लटकलेला नॉब म्हणजे सुटण्याची वाट बघणारा नॉब.

७. गिअरचा नकाशा सरळ दिसेल अशा जागी नॉब थांबवा आणि चेकनट खालून वर आणून नॉबला टाइट करा. सैल होऊ नये यासाठी हीच खरी पद्धत. थ्रेडलॉकर लावायचाच असेल तर हाताच्या पान्याने सुटेल असा, एक थेंब पुरे. फेव्हिक्विक किंवा एमसील लावलंत, तर पुढच्या वेळी दांडाच कापावा लागेल.

८. बूट वर ओढून पुन्हा अडकवा. कुठल्याही गिअरमध्ये तो ताणला जात नाही ना, हे बघा.

९. चाचणी. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट. पाचव्या-सहाव्यात हात डॅशबोर्डला किंवा एसीच्या बटणांना लागत नाही ना? मग इंजिन सुरू करून मोकळ्या जागेत हळू चालवा. आठवडाभराने चेकनट पुन्हा तपासा. नवीन नॉब सैल होणार असेल तर बहुधा याच काळात होतो.

थारसारख्या फोर बाय फोर गाडीत दोन दांडे असतात, एक गिअरचा आणि एक ट्रान्सफर केसचा. दोन्हीकडे सारखेच गोळे लावू नका. अंधारात, चिखलात हाताला फरक कळला पाहिजे.

कायद्याने चालतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या, म्हणजे आरसीमधल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडीचा रंग, इंधन, इंजिन, आसनसंख्या हे आरसीतले तपशील. गिअर नॉब त्यात येत नाही.

वॉरंटीची गोष्ट निराळी. गिअर सिलेक्टरमध्ये बिघाड झाला आणि दांड्यावर बाहेरचा नॉब दिसला, तर सर्व्हिस सेंटरवाले वाद घालू शकतात. म्हणून स्टॉक नॉब, त्याची रिंग आणि क्लिपा एका पिशवीत घालून जपून ठेवा. गाडी विकतानाही त्या उपयोगी पडतात.

विकत घेताना काय विचारायचं?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, किंवा तुमच्या गावातला ॲक्सेसरीजवाला, कुठेही गेलात तरी हे पाच प्रश्न विचारा. आटे कोणते? वजन किती? रिव्हर्सची रिंग बसते का? चेकनट सोबत आहे का? नॉबवर गिअरचा नकाशा आहे का, आणि तो माझ्याच गाडीचा आहे का?

शेवटचा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. तुम्हाला तुमच्या गाडीचे गिअर झोपेतही माहीत असतील. पण गाडी कधीतरी भाऊ चालवतो, कधी पार्किंगवाला, कधी रात्री दवाखान्यात न्यायला शेजारी. ५ स्पीड गाडीवर ६ स्पीडचा नकाशा असलेला नॉब, किंवा नकाशाच नसलेला गुळगुळीत गोळा, त्यांना रिव्हर्स कुठे आहे हे सांगणार नाही.

या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली तर नॉब जरूर घ्या. रोज अनेक वेळा हात लागणारी गाडीतली ही वस्तू आहे, ती मनासारखी असण्यात काहीच गैर नाही. आणि दुकानदार आट्यांच्या प्रश्नावर ‘बसतो हो साहेब, सगळ्यांना बसतो’ म्हणाला, तर पुढचं दुकान बघा.